गिअरच्या मुठीवर

पूल उतरून रस्ता सरळ झाला, तिनं वरचा गिअर टाकला आणि डावा हात सवयीनं गिअरच्या मुठीवरच राहू दिला. तेवढ्यात तळव्याखाली काहीतरी जागं झालं. धक्का म्हणण्याएवढं मोठं नव्हतं ते. मांजरानं झोपेत घुरघुरावं तसं बारीक, सलग, बोटांच्या पेरांतून वर चढत मनगटापर्यंत आलं आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली दबा धरून बसलं. तिनं हात उचलून मांडीवर ठेवला. तळवा गुणगुणतच राहिला. समोर सकाळची गर्दी आपापल्या घाईत होती, बाजूच्या बसमधली एक बाई खिडकीच्या काचेत बघून केसांना पिना लावत होती, आणि इकडं स्टिअरिंगमागं तिच्या मनात प्रश्न उभा राहिला, की हे गाडीचं आहे की माझं? पुढं सिग्नलला गाडी थांबली आणि घुरघुर गेली. सिग्नल सुटला, वेग चढला, पुन्हा आली. गाडी थांबली की जाते म्हणजे गाडीचीच, असं कोणीही म्हणालं असतं. पण ती दातांची डॉक्टर होती, डावखुरी होती, आणि तिच्या आईचा हात शेवटची काही वर्षं हलत होता. गाडी थांबली की माणूसही सैलावतो, तिनं स्वतःशी वाद घातला. आतलं काही हलत असेल तर तेही सिग्नलला दम खाईल. दवाखान्याच्या दारात गाडी लावेपर्यंत तिनं दोन्ही बाजूंनी वकिली केली होती आणि दोन्ही बाजूंनी हरली होती.

खरं तर उपाय साधा होता. शेजारी कोणालातरी बसवायचं आणि म्हणायचं, जरा इथं हात लावून बघ. निकाल लागला असता. निकाल लागला असता म्हणूनच तिनं ते केलं नाही. अशी माणसं तिच्या खुर्चीत रोज बसायची. दाढ रात्रंदिवस ठणकतेय, गाल फुगलाय, तरी एक्स-रे काढू म्हटलं की म्हणणार, राहू द्या डॉक्टर, आज जरा बरं वाटतंय. ती त्यांना दटावायची. आता दटावताना जीभ अडखळायला लागली. त्या दिवसापासून तिनं नाजूक कामं हळूच बाजूला सरकवायला सुरुवात केली. दाताच्या मुळात केसाएवढी सुई घालायची असली, की धाकट्या डॉक्टरला हाक मारायची. ही धाकटी तिच्या हाताखाली शिकून तयार झालेली, हुशार, आणि तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "मॅडम, ही पण मीच करू?"

"कर की. हात बसायला हवा तुझा."

"हात कधीच बसलाय. आता कंबर बसायची वेळ आलीये, तुमच्या या उलट्या खुर्चीपायी."

खुर्ची उलटी होती हे खरं. डावखुऱ्या बाईसाठी सगळी खोलीच आरशात बघितल्यासारखी मांडलेली. दिवा, तोटी, हत्यारांचा ट्रे, सगळं दुसऱ्या अंगाला. ती हसली आणि हात धुवायला वळली. नळाखाली बोटं धरली. पाणी बोटांवरून सुटत होतं, थेंब हलत होते, त्यामागं बोटं हलत होती की नाही ते पाण्यानं सांगितलं नाही.

गाडी मुळात आईची. आई जमिनी मोजायची आणि त्यांचे नकाशे काढायची. खात्याची ती उंच, चौकोनी, पत्र्याची गाडी घेऊन डोंगराडोंगरांतून हिंडायची, आणि गाडीला निरोप द्यायची वेळ आली तेव्हा तिला घरीच घेऊन आली; एखादी बाई नोकरीवरून येताना मैत्रीण घेऊन येईल तशी. गाडीला दोन दांडे. एक मोठा, नेहमीचा गिअर. त्याच्या शेजारी एक बुटका, तो ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा आणि गाडी चारही पायांवर चढाला भिडायची. लहानपणी तिला वाटायचं, मोठा दांडा म्हणजे आई आणि बुटका म्हणजे मी. चिखलात, घसरत्या मुरमाच्या चढावर आई तो बुटका दांडा ओढायची आणि स्वतःच रचलेलं काहीबाही गाडीच्या कानात म्हणायची:

"चढ गं चढ गं माझे बाई, वळणावर मैना गाते,
पुढच्या चाकांनी ओढ तू, मागून मी रेटा देते."

आणि गाडी खरंच चढायची. मागं बसलेली ती, गुडघ्यांत नकाशांची नळकांडी धरून, दर वळणाला बघायची की मैना कुठं आहे. मैना कधी दिसली नाही. पण आईचं बोलणं खोटं निघालं असंही कधी वाटलं नाही, कारण वर पोचल्यावर असा वारा सुटायचा, की गाणारं कोणीतरी आसपास असणारच.

मग आईच्या नकाशांवरची अक्षरं बारीक व्हायला लागली. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. आई काटकसरी झाली असेल असं म्हणून सगळे हसले. नदीचं नाव मुंगीच्या रांगेएवढं झालं. पुढं पुढं हात नुसता मोकळा ठेवला की अंगठा बोटांवरून फिरायचा, संथ, एका लयीत, जणू चिमटीत मेणाची गोळी वळतेय. काम करताना थांबायचा. सैल सोडला की पुन्हा सुरू. आई हात पदराखाली घ्यायची, उशीखाली सारायची, पाहुणे आले की कपाचा कान घट्ट धरून बसायची आणि चहा गार करायची. आणि संध्याकाळी म्हणायची, "चल गं, एक चक्कर मारून येऊ." गाडी आता मुलगी चालवायची. आई शेजारी बसायची आणि उजवा तळवा गिअरच्या मुठीवर ठेवायची. गिअर बदलायचा झाला की मुलगी तिच्या तळव्यावर आपला हात ठेवून, दोघींच्या मुठीनं दांडा सरकवायची. आईला गाडीचा लळा आहे, असं सगळे म्हणायचे. तीही म्हणायची. आता इतक्या वर्षांनी, स्वतःच्या तळव्यात ती घुरघुर घेऊन दवाखान्यातून घरी जाताना तिला उमगलं, की तिथं सगळंच हलत असायचं. काच, आरसा, दाराची कडी, बसणाऱ्यांचे गाल. त्यात एक हात हलला तर तो कोणाला दिसणार? आख्ख्या दिवसात आईला तेवढाच अर्धा-एक तास चारचौघांसारखा हात मिळत होता. या पत्र्याच्या म्हातारीनं तिची लाज आपल्या अंगावर घेतली होती, न बोलता, न मिरवता. तिला गाडीच्या स्टिअरिंगवर कपाळ टेकावंसं वाटलं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला नसता तर टेकलंही असतं.

घरात नवरा होता. तो चित्रांना फ्रेमा करायचा. लाकूड तासायचा, घासायचा, पॉलिश करायचा, आणि सवय अशी लागलेली की घरातली एकही वस्तू त्याच्या ब्रशातून सुटलेली नव्हती. पाटाचे पाय, पंख्याची पाती, झाडाच्या कुंड्या, सगळ्यांना त्यानं कधी ना कधी रंगाचा हात दिलेला. हल्ली तो रोज संध्याकाळी, तिनं किल्ली खुंटीला लावली रे लावली की विचारायचा, "गाडी कशी चालतेय?"

"चालतेय."

"म्हणजे, काही वेगळं वाटतं?"

"वेगळं काय वाटायचंय?"

"नाही, आपलं विचारलं."

आणि तो तिच्याकडे बघत राहायचा. तोंडाकडे, मग हाताकडे. यानं बघितलंय, तिला वाटायचं. ताट वाढताना, सुईत दोरा ओवताना कधीतरी यानं माझा हात बघितलाय, आणि सरळ विचारायचं धाडस नाही म्हणून गाडीच्या आडून विचारतोय. जन्मभर हा असाच. लग्नाआधी मागणी घालतानासुद्धा तिच्या दारावरच्या पाटीची फ्रेम सैल झालीय म्हणून आला होता. ती डावा हात कुशीत घेऊन झोपायला लागली. त्यानं विचारणं काही थांबवलं नाही, पण दिवसागणिक त्याचा आवाज खाली येत गेला, आणि एक दिवस तो फक्त किल्लीकडे बघून स्वयंपाकघरात निघून गेला. त्या दिवशी मात्र तिला राहवेना. घरात एवढी शांतता तिनं आईच्या आजारपणातच ऐकली होती.

गॅरेजचा मालक कप्तान म्हणून ओळखला जायचा, कारण डोक्यावर कायम टोपी आणि तोंडात कायम हुकूम. आईच्या वेळेपासून गाडी त्याच्याकडे. तो जगातला सर्वांत चांगला मिस्त्री होता, निदान तो स्वतः तसं सांगायचा, आणि त्याला दुजोरा द्यायला दुसरा मिस्त्री आसपास नव्हता. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन गेली आणि म्हणाली, "कप्तान, गाडी थरथरते." वाक्य सरळ होतं, पण तिच्या कानाला ते प्रश्नासारखं लागलं. कप्ताननं किल्ली घेतली, गाडी काढली, आणि ती तेलाच्या रिकाम्या कॅनचं स्टूल करून त्यावर बसून समोरच्या भिंतीवर टांगलेले पाने बघत राहिली. लहान-मोठे, उतरत्या क्रमानं. गाडीचा आवाज परत आला. कप्तान उतरला, हात झटकले.

"काही नाही डॉक्टर. लोणी आहे लोणी."

म्हणजे माझंच. किती शांतपणे आलं ते वाक्य आत. जणू आधीच येऊन बसलं होतं, फक्त दिवा लावायचा राहिला होता. तिनं हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिली, आणि विचार केला तो पुढच्या साध्या गोष्टींचा: खुर्ची सुलटी करून घ्यावी लागेल, धाकटीला सोयीची. उजव्या हातानं भाजी चिरायला शिकावं लागेल. नकोच, आधी नवऱ्याला सांगावं लागेल.

"कुठल्या वेगाला थरथरते?" कप्तान विचारत होता.

"पुलाच्या पुढं. रस्ता मोकळा होतो तिथं."

"मग आधी बोलायचं ना! मी इथल्या इथं बैलगाडी हाकून आलो. गल्लीत काय थरथरणार, माझं कपाळ? चला, तुम्ही चालवा. मी बसतो."

पूल आला. पूल गेला. तिनं वरचा गिअर टाकला, वेग चढू दिला, आणि ते आलं, बोटांच्या पेरांतून, ओळखीच्या पाहुण्यासारखं न विचारता आत. आयुष्यात कितीतरी लोकांना तिनं म्हटलं होतं, आ करा, घाबरू नका. स्वतः आ करणं किती कठीण असतं. "कप्तान," ती म्हणाली, "जरा इथं हात ठेवा." तिनं आपला काढला. त्यानं आपला ठेवला. काळ्या भेगांचा, अर्धी बोटं ग्रीसनं रंगलेली. तो खिडकीबाहेर बघायला लागला, कान देऊन ऐकणारा माणूस बघतो तसा, कुठंच नाही असा. रस्ता पायाखालून जात राहिला. बाजूनं एक सायकलवाला गेला, गॅसच्या टाक्यांचा टेम्पो खणखणत गेला.

"आहे," कप्तान म्हणाला. "आहे की! अहो, ही तर पावसातल्या म्हशीसारखी अंग झाडतेय. आणि तुम्ही इतके दिवस गप्प कशा बसलात?"

तिला रस्ता दिसेनासा झाला. डोळे पुसायला हात हवा होता आणि दोन्ही हात कामात होते. आहे. एवढं एका शब्दाचं बोलणं, पण आईच्या त्या वाऱ्यासारखं अंगावर आलं. दुसऱ्या माणसाच्या तळव्याला तेच लागलं. मी एकटीच नव्हते त्यात. तिला वाटलं, या माणसाच्या ग्रीसच्या हातात चांदीचं कडं घालावं. आणि पुढच्याच क्षणी, सुटकेच्या मागोमाग पाय ओढत, जुना संशय आत आला: गाडी हलते म्हणून तू हलत नाहीस, असं कुठं ठरलं? आईचंही असंच झाकलेलं होतं.

त्यानंतर कप्तानच्या अंगात आलं. त्यानं तिला धावत्या गाडीत क्लच दाबायला लावला, इंजिनचा संबंध तुटला तरी थरथर तशीच. "इंजिन सुटलं. निर्दोष." मग त्याच वेगाला खालचा गिअर, मग वरचा, थरथरीला फरक नाही. "गिअरबॉक्सही सज्जन. जे काय आहे ते त्याच्या मागं. चाकं. माझं नाव कप्तान, चाकंच." गॅरेजात येऊन चाकं काढली, वजनं लावली, फिरवली, बसवली. पुन्हा पूल, पुन्हा मोकळा रस्ता, पुन्हा घुरघुर. कप्तान शांतपणे म्हणाला, "मी म्हटलंच होतं, चाकं नसणार."

तिला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं म्हणून ते बाहेर पडताना थोडं करकरलं. "आमच्याकडेही असंच होतं," ती म्हणाली. "खालची दाढ दुखते म्हणून माणूस येतो आणि किडलेली असते वरची. कळत नाही तेव्हा आम्ही एकेक भाग बधिर करतो. ज्याच्यावर दुखणं थांबलं, तो चोर."

कप्ताननं टोपी मागं सारली. "मग झोपवू एकेकाला," तो म्हणाला. गाडीखाली दोन लांब दांडे असतात. गिअरबॉक्सपासून एक पुढच्या चाकांकडे जातो आणि एक मागच्या, फिरत फिरत जोर पोचवतात. शाफ्ट म्हणतात त्यांना. दोन्ही टोकांना वाकणारे सांधे, रस्त्याला खड्डा आला तरी दांडा मोडू नये म्हणून. आधी पुढचा काढला. मागच्या चाकांवर गाडी फिरवून आणली, थरथर तिथंच. मग पुढचा बसवला आणि मागचा काढला. तो काढताना कप्ताननं तिला चाकांना दगड लावायला सांगितले, कारण या गाडीचा हँडब्रेक त्या शाफ्टलाच धरतो. शाफ्ट गेला की हातातला ब्रेक नुसता शोभेला. ती वाकून दगड लावत होती. मातीचा, तेलाचा, तापल्या लोखंडाचा वास आला. मग तिनं तो बुटका दांडा ओढला आणि गाडी निघाली, नुसत्या पुढच्या चाकांवर. किती निराळी चाल! मागून ढकलणारं कोणी नाही, पुढून कोणीतरी बोट धरून नेतंय. स्टिअरिंग हातात जड झालं, लहान मूल हात ओढत जत्रेतून वाट काढतं तसं. वेग चढला. तिनं मुठीवर तळवा ठेवला.

काही नाही.

तळवा होता, मूठ होती, आणि दोघांच्या मधे शांतता होती. अर्धी गाडी बधिर केली होती आणि दुखणं थांबलं होतं. तिला तो मुहूर्त लांबवावासा वाटला; ती पुढच्या चौकातून वळण्याऐवजी सरळच गेली. कप्तान बोटांनी गुडघ्यावर ताल धरून बसला.

दोघं परत आली तेव्हा नवरा गॅरेजात उभा होता, हातात चहाचा थर्मास. ती सकाळपासून आली नाही म्हणून शोधत आलेला. जमिनीवर, गोणपाटावर, काढलेला मागचा शाफ्ट पडला होता. तो काळाभोर, चकचकीत, आरशासारखा; गॅरेजातल्या सगळ्या लोखंडात एकटा नटलेला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो शाफ्टकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, शाळेत निबंध वाचून दाखवताना मधलं पान गहाळ झालेल्या मुलाचा भाव होता.

"याला काय झालं?" त्यानं विचारलं.

"काय झालं ते बघायचंय," कप्तान म्हणाला. "पण आधी सांगा, याला लाली-पावडर कोणी केली? माझ्या जन्मात मी शाफ्टला पॉलिश बघितलं नाही."

"मी," नवरा म्हणाला. मग तिच्याकडे बघून, अगदी हळू, "तू त्या दातांच्या शिबिराला गावाला गेली होतीस ना, तेव्हा. सांधे खुळखुळत होते. म्हटलं, आल्यावर हिला कळेल, गाडी कशी गुळगुळीत चालते ती. सगळं खोललं, नवीन सांधे बसवले, गंज घासला. मग तसाच उघडा ठेवणं बरं दिसेना. दोन हात दिले रंगाचे."

"आणि मग रोज विचारत होतास."

"तू काही बोलेचनास. म्हटलं, आवडलं नाही वाटतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रोजची ती संध्याकाळ, खुंटीवरची किल्ली, तोंडाकडे आणि मग हाताकडे जाणारी त्याची नजर. शाबासकीसाठी आलेली नजर तिनं तपासणीची समजून परतवली होती. एकाच घरात दोन माणसं एकाच थरथरीवरून गप्प बसली होती. एकाला वाटत होतं आपलं काम वाया गेलं, दुसरीला वाटत होतं आपला हात गेला. आणि ताटं वाढली जात होती, दिवे मालवले जात होते.

कप्ताननं तोवर शाफ्ट दोन दगडांवर आडवा ठेवून एका डोळ्यानं नळीतून बघावं तसा न्याहाळला होता. "सांधे उत्तम बसवलेत, साहेब. खरं सांगतो, मीही असेच बसवले असते, थोडे जास्त चांगले. पण हा दांडा दोन तुकड्यांचा. एक दुसऱ्यात सरकतो, दात्यांत दाते. दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत हवेत. एकानं वाकायचं तेव्हा दुसऱ्यानं सावरायचं. तुमचा एक दाता चुकला. म्हणून एक सांधा उजवीकडे बघतोय आणि दुसरा त्याच्यावर रुसलाय. सावकाश चालवा, कळणार नाही. वेग आला की भांडण."

"पण चुकू नये म्हणून खूण असते ना त्यावर?" तिनं विचारलं.

कप्ताननं चाकूच्या पात्यानं काळा रंग खरवडला. खाली, एका तुकड्यावर, लोखंडात ठोकलेला बाण निघाला. दुसऱ्यावर दुसरा. मधे एका दात्याचं अंतर. नवऱ्यानं खाली बसून त्या बाणावरून अंगठा फिरवला. "मी घासतानाच बुजले असणार गंजाच्या चिखलात," तो म्हणाला. "आणि मग वरून रंग."

"इतकं सुंदर रंगवलंय की खूण लाजून आत गेली," कप्तान म्हणाला. नवरा हसला नाही. तिनं त्याच्या हातातला थर्मास घेतला, झाकणात चहा ओतला आणि पहिला घोट त्याला दिला. राग शोधायला ती मनात खोल गेली होती, सगळे कप्पे उघडून बघितले. राग कुठंच नव्हता. तिच्यामागं कोणीतरी उन्हात पत्र्याखाली उताणं पडून, अंगावर गंज झेलत, तिच्या गाडीची हाडं घासली होती. असं कोण करतं? तिच्या ओळखीत तरी एकच माणूस होता आणि त्याच्या अंगठ्यावर या क्षणी ग्रीस होतं.

शाफ्ट जोडून, दात्याला दाता मिळवून, कप्ताननं बसवला. तिघंही निघाले, ती चालवायला, कप्तान शेजारी, नवरा मागं. दुपार कलायला लागली होती. पुलापलीकडे रस्ता गावाबाहेर पडून टेकडीच्या कडेनं जातो, तिकडं तिनं गाडी घातली. वेग चढला. मूठ गप्प. तिनं हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. गाडी अंगात वारं भरल्यासारखी धावत होती. कप्ताननं अंगठा वर केला, मागून नवऱ्यानं "कशी चालतेय?" असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आणि तिला कळलं की आता आडोसा राहिला नाही. आता हात हलला तर तो फक्त हाताचा असेल.

टेकडीवर रस्ता रुंद होतो तिथं तिनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, उतरली. बॉनेटच्या पलीकडे ते दोघं आले. त्यांना वाटलं, ती काही ऐकतेय. तिनं डावा हात पुढं केला, बॉनेटवर हवेत, बोटं पसरून.

"बघा जरा," ती म्हणाली. "हा हलतो का?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावर आधी प्रश्न आला, मग तिची आई आली, मग गेले सगळे दिवस एकदम आले. त्याचे ओठ हलले. कप्तान मात्र खाली बसला, टोपी काढली, एक डोळा मिटून तिच्या बोटांच्या रेषेतून पलीकडच्या आभाळाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

"हलतो," तो म्हणाला. "टोकाला. दोऱ्याएवढा."

नवऱ्यानं आपला हात तिच्या हाताशेजारी धरला. तो चांगलाच हलत होता, काळजीनं की चहानं. कप्ताननं आपला धरला; जन्मभर घण मारलेला हात, वाऱ्यातल्या पिंपळपानासारखा. "हे बघा," तो म्हणाला. "आणि याच हातानं मी तुमची म्हातारी खोलली. तुमचा तर सगळ्यांत शहाणा आहे, डॉक्टर."

तेव्हा तिनं, त्या दिवसांत पहिल्यांदा, स्वतःच्या हाताकडे डॉक्टरच्या डोळ्यांनी बघितलं. बोटांच्या टोकांशी बारीक, घाईची फडफड. रक्त चालतं तेवढी, कुठल्याही जित्या हाताला असते तेवढी. तिनं तो खाली आणला, सैल सोडला, मांडीला लागून नुसता लोंबू दिला. आईचा इथंच सुरू व्हायचा. ती थांबली. वाऱ्यानं पदर हलला, गवत हललं. अंगठा जागच्या जागी होता. आज नाही. उद्याचं कोणी काही सांगितलेलं नाही, आणि उद्याचा एक्स-रे निघत नाही हे तिच्याहून चांगलं कोणाला ठाऊक. पण आज तिघांनी मिळून बघितलं, भर उन्हात, आणि आज नाही.

"मला कधी सांगणार होतीस?" नवरा म्हणाला.

"तू विचारत होतास ना रोज. गाडीबद्दल."

तो हसायला गेला आणि ते त्याला जमलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा हात पुढं केला. तिनंही केला. कप्तान एकटा कशाला राहील, त्यानंही केला. चढावरून एक ट्रक कण्हत आला. गाडी बाजूला उभी, इंजिन बंद, आणि तीन जाणती माणसं बॉनेटवर हात धरून उभी, बघून ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"काय झालं? मदत पाहिजे का?"

"हवी होती," ती म्हणाली. "मिळाली."